कॉल खाली जातो, मग डिपेंडन्सी वर कशी वळते?

प्रश्न थोडक्यात असा: प्रोजेक्टमध्ये कंट्रोलर (बाहेरची विनंती घेणारा), सर्व्हिस (नियम सांभाळणारी) आणि रिपॉझिटरी (डेटाबेसशी बोलणारी) असे तीन थर नीट पाडलेले आहेत, कोणीही उलट्या दिशेने कॉल करत नाही, तरी टेबलातला एक कॉलम बदलला की पार स्क्रीनपर्यंतच्या फायली उघडाव्या लागतात. यावर सल्ला मिळतो, ‘डिपेंडन्सी आतल्या बाजूला वळवा’. पण सर्व्हिसला डेटा लागतोच आणि तो रिपॉझिटरीकडूनच येणार. मग डिपेंडन्सी वळणार कशी?

‘डिपेंडन्सी’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात, म्हणून हा गोंधळ होतो. एक, प्रोग्रॅम चालू असताना कोण कोणाला कॉल करतो. दोन, सोर्स कोडमध्ये कोणाच्या फायलीत कोणाचे नाव लिहिलेले आहे. कॉलची दिशा कामाच्या स्वरूपातून येते. अपॉइंटमेंट जतन करायची तर शेवटी डेटाबेसला हाक मारावीच लागते. नाव कोणी कोणाचे घ्यायचे हे मात्र आपल्या हातात असते. आर्किटेक्चरच्या आकृतीतला बाण या दुसऱ्या प्रकारचा असतो आणि तो ओळखायची कसोटी सोपी आहे: हे फोल्डर डिलीट केले तर कोण कंपाइल व्हायचे थांबेल? जो थांबेल तो त्या फोल्डरवर अवलंबून.

आता ही कसोटी तुमच्या रचनेला लावा. रिपॉझिटरीचे फोल्डर उडवले तर सर्व्हिस अडते. सर्व्हिस उडवली तर कंट्रोलर अडतो. म्हणजे सगळे बाण शेवटी डेटाबेसच्या कोडवर जाऊन टेकतात, आणि ज्यावर सगळे टेकलेत तो हलला की सगळे हलणारच. थर पाडण्यात तुमची चूक झालेली नाही. तळाला काय ठेवले, यात झाली आहे.

तळाला काय असावे

थरांची कल्पना ऑपरेटिंग सिस्टिमच्या जगातून आली. एट्सखर डायक्स्ट्रा यांनी १९६८ साली आइंडहोवनच्या तांत्रिक विद्यापीठात घडवलेल्या ‘टीएचई’ या मल्टिप्रोग्रॅमिंग सिस्टिमचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात शून्य ते पाच असे सहा स्तर होते. शून्याव्या स्तराने प्रोसेसरची वाटणी केली की प्रोसेसर किती आहेत याची फिकीर वरच्या कोणालाच उरत नसे. पहिल्याने मेमरी सांभाळली की मेमरीचे पान ड्रमवर (त्या काळच्या चुंबकीय साठवणीवर) आहे की मुख्य मेमरीत, हा प्रश्न वर पोचत नसे. तिथे तळ म्हणजे यंत्राच्या जवळचा आणि सर्वांत कमी बदलणारा भाग. त्यामुळे वरून खाली जाणारे बाण अगदी योग्य होते.

व्यवहाराच्या सॉफ्टवेअरमध्ये हीच आकृती जशीच्या तशी उचलली गेली: वर स्क्रीन, मध्ये नियम, खाली डेटाबेस. पण इथे टिकाऊ काय असते? ‘चोवीस तासांच्या आत अपॉइंटमेंट हलवता येत नाही’ हा नियम वर्षानुवर्षे तसाच राहतो. त्याच काळात ओआरएमची (टेबलाच्या ओळी आणि कोडमधल्या वस्तू यांची सांगड घालणाऱ्या लायब्ररीची) मोठी आवृत्ती बदलते, एका टेबलाची दोन होतात, शोधासाठी वेगळे इंजिन येते. यंत्राच्या जवळचे म्हणजे टिकाऊ, हे समीकरण इथे मोडते.

डेव्हिड पार्नास यांनी १९७९ साली याहून मूलभूत मुद्दा मांडला होता. कोणता भाग बरोबर चालण्यासाठी कोणत्या भागाचे बरोबर असणे गरजेचे आहे, हे नाते आखायचे आणि त्यात वेढा होऊ द्यायचा नाही, म्हणजे फिरून एकमेकांवरच अवलंबून राहायचे नाही. वेढा झाला की सगळे चालेपर्यंत काहीच चालत नाही. थर म्हणजे या नात्यातून आपोआप पडणारे टप्पे. नुसते फोल्डर पाडल्याने ते तयार होत नाहीत.

दिशा मोजण्यासाठी एक साधे गुणोत्तर आहे, त्याला अस्थिरता म्हणतात: मॉड्यूलमधून बाहेर जाणाऱ्या डिपेंडन्सी भागिले बाहेर जाणाऱ्या आणि आत येणाऱ्या मिळून एकूण. नियमांचे मॉड्यूल कोणाचेच नाव घेत नाही आणि सहा क्लास त्याचे नाव घेतात, तर ०/६, म्हणजे शून्य. वेबचे मॉड्यूल पाच जणांचे नाव घेते आणि त्याचे कोणीच घेत नाही, तर ५/५, म्हणजे एक. बाण मोठ्या आकड्याकडून लहान आकड्याकडे जायला हवा. मात्र हा आकडा आंधळेपणाने वापरू नका. सगळे वापरतात ते ‘कॉमन’ नावाचे अडगळीचे मॉड्यूलही शून्याच्या जवळ येते, आणि ते रोज बदलत असेल तर शून्य हाच त्याचा रोग असतो.

वळण घालायचे कसे

उदाहरण म्हणून अपॉइंटमेंट पुढे ढकलणे हे काम घेऊ. नियम दोन: ठरलेल्या वेळेला चोवीस तासांहून कमी राहिले असतील तर बदल नाही, आणि नवी वेळ दुसऱ्या कोणी घेतलेली नसावी. बदल झाला की रुग्णाला एसएमएस जातो.

नेहमीच्या रचनेत सर्व्हिस क्लास रिपॉझिटरी इम्पोर्ट करतो, एसएमएस पुरवठादाराचा क्लायंट इम्पोर्ट करतो आणि सिस्टिमची चालू वेळ थेट विचारतो. बाहेर जाणाऱ्या या तीन दोऱ्या. त्या तोडायच्या तर सर्व्हिसने आपल्याला काय हवे आहे ते आपल्याच शब्दांत मांडायचे. ‘अपॉइंटमेंटनोंदी’ नावाचा इंटरफेस, त्यात दोनच मेथड: क्रमांकावरून आण, जतन कर. ‘रुग्णाला कळवणारा’ हा दुसरा इंटरफेस, त्यात एक मेथड. ‘घड्याळ’ हा तिसरा, त्यात चालू वेळ. हे तिन्ही सर्व्हिसच्याच मॉड्यूलमध्ये राहतात. डेटाबेसचे मॉड्यूल ‘अपॉइंटमेंटनोंदी’ इम्पोर्ट करून तो इंप्लिमेंट करते. चालू प्रोग्रॅममध्ये कॉल पूर्वीप्रमाणेच सर्व्हिसकडून डेटाबेसकडे जातो, पण नाव आता डेटाबेसचा कोड सर्व्हिसच्या मॉड्यूलचे घेतो. डेटाबेसचे फोल्डर उडवा, सर्व्हिस कंपाइल होते.

यात कळीचा मुद्दा इंटरफेस कोणाच्या मालकीचा, हा आहे. इंटरफेस काढला पण तो रिपॉझिटरीच्याच पॅकेजात ठेवला, तर फाइल एक वाढली आणि बाण होता तिथेच राहिला. प्रत्यक्षात सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती म्हणजे सगळ्या इंटरफेसांसाठी काढलेले ‘इंटरफेसेस’ नावाचे वेगळे मॉड्यूल: ते कोणाचेच नसते, सगळे त्यावर टेकतात आणि प्रत्येक बदल त्यातून जातो.

दुसरी चूक फोल्डर पाहून कळत नाही, भाषेवरून कळते. इंटरफेस सर्व्हिसच्या मॉड्यूलमध्ये आहे, पण मेथडचे नाव ‘फाइंड-बाय-स्टेटस-अँड-डिलीटेड-फॉल्स’, परत येणारा प्रकार ओआरएमच्या लायब्ररीतला ‘पेज’, आणि जोडीला ‘फ्लश’ नावाची मेथड. हा टेबलाचा आरसा झाला. इथे डिलीट झालेल्या ओळी गाळण्यासाठी एक कॉलम आहे, हे गाभ्याला, म्हणजे नियम सांभाळणाऱ्या सर्व्हिसच्या मॉड्यूलला, कळायचे कारण नाही. इंटरफेसमधल्या मेथडच्या सहीत (सिग्नेचरमध्ये, म्हणजे ती काय घेते आणि काय परत देते त्यात) आलेला प्रत्येक प्रकार गाभ्याचा स्वतःचा किंवा भाषेच्या मूळ लायब्ररीतला हवा. पानांची गरज असेल तर ‘किती नोंदी’ आणि ‘कुठपासून’ असे दोन पूर्णांक पुरतात.

इंटरफेस लहान ठेवा. वीस मेथडचा एकच रिपॉझिटरी-इंटरफेस असला की टेस्टसाठी खोटे इंप्लिमेंटेशन लिहिताना अठरा मेथड ‘हे वापरत नाही’ म्हणून भरावे लागतात. तो वैताग हीच खूण समजा.

भाषेनुसार तपशील थोडा बदलतो. जावा आणि सी-शार्पमध्ये इंप्लिमेंट करणाऱ्याने इंटरफेसचे नाव लिहावेच लागते. गोमध्ये ते लागत नाही, मेथड जुळल्या की झाले. म्हणून तिथे वापरणाऱ्याच्या पॅकेजातच इंटरफेस लिहिण्याची रीत रुळली आहे. पायथनमध्ये ३.८ पासून ‘प्रोटोकॉल’ हेच काम करतात. पण मेथडच्या सहीत गाभ्याचा प्रकार आला की ॲडॅप्टरला, म्हणजे इंटरफेस इंप्लिमेंट करणाऱ्या बाहेरच्या कोडला, गाभा इम्पोर्ट करावा लागतोच, आणि ते बरोबरच आहे.

मग हे सगळे जोडणार कोण? कुठेतरी खरा डेटाबेस-क्लास तयार करून सर्व्हिसच्या कन्स्ट्रक्टरला द्यावा लागतो. ती जागा एकच असते: प्रोग्रॅम सुरू होतो ते मॉड्यूल. ते सगळ्यांचे नाव घेते, त्याचे नाव कोणी घेत नाही. डिपेंडन्सी इंजेक्शनचे फ्रेमवर्क नसेल तरी चालते, पंचवीस-तीस ओळींत हाताने जुळवाजुळव होते. एक गल्लत मात्र वारंवार दिसते. फ्रेमवर्क कन्स्ट्रक्टरमध्ये वस्तू भरून देते म्हणजे डिपेंडन्सी उलटी झाली, असे मानले जाते. कन्स्ट्रक्टरमध्ये ‘पोस्टग्रेसअपॉइंटमेंटरिपॉझिटरी’ हाच प्रकार मागितलेला असेल तर इंजेक्शन झाले, दिशा होती तीच.

इम्पोर्ट नसताना होणारी गळती

बाण वळवूनही काही गोष्टी भिंतीतून पाझरतात. त्यावर जरा थांबायला हवे, कारण पुढची बहुतेक दुखणी इथली असतात.

एरर हा पहिला प्रकार. दोन जणांनी एकाच क्षणी तीच वेळ निवडली तर ‘मोकळी आहे का’ ही आधीची तपासणी दोघांनाही ‘हो’ म्हणते. खरा बचाव टेबलावरच्या युनिक कन्स्ट्रेंटचा (तीच किंमत दुसऱ्यांदा येऊ न देणाऱ्या बंधनाचा). पोस्टग्रेस हा डेटाबेस अशा वेळी २३५०५ हा कोड देतो. हा कोड सर्व्हिसमध्ये तपासला की गाभा पोस्टग्रेसचा झाला. ॲडॅप्टरने तो पकडून ‘वेळ आधीच घेतलेली’ हा गाभ्याचा एरर फेकायचा. पण इथे एक खड्डा आहे. हायबरनेटसारखा ओआरएम ‘सेव्ह’ म्हटल्याबरोबर एसक्यूएल पाठवेलच असे नाही. फ्लश (साठलेले बदल डेटाबेसकडे पाठवणे) किंवा कमिट (ते कायम करणे) होईपर्यंत थांबतो. ॲडॅप्टरमधला ट्राय-कॅच तेव्हा कोरडाच राहतो आणि एरर पुढे कमिटच्या वेळी, कोणीही पकडत नाही अशा जागी फुटतो. म्हणून ॲडॅप्टरच्या ‘जतन’मध्ये फ्लश स्वतः करायचा. शिवाय पोस्टग्रेसमध्ये असा एरर आला की चालू ट्रान्झॅक्शन (सगळे मिळून जतन होणारे किंवा मुळीच न होणारे बदल) निकामी होते. ‘ही वेळ नाही तर पुढची बघू’ असे त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये करता येत नाही. सेव्हपॉइंट (ट्रान्झॅक्शनमध्ये मागे फिरता येईल अशी खूण) तरी हवा, नाहीतर नवे ट्रान्झॅक्शन.

दुसरा प्रकार लेझी लोडिंगचा. रिपॉझिटरीने दिलेल्या वस्तूमधली ‘भेटींची यादी’ वाचल्यावरच डेटाबेसकडून येते. कंट्रोलरने ती जेएसॉन करताना वाचली तर दोनपैकी एक घडते. सेशन बंद झाले असेल तर लेझी इनिशियलायझेशनचा एरर. ते वेबची विनंती संपेपर्यंत उघडे ठेवले असेल, आणि स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कमध्ये मूळ सेटिंग तसेच आहे, तर एरर येत नाही, पण पन्नास अपॉइंटमेंटच्या यादीसाठी एकावन्न क्वेरी जातात. दुसरे जास्त वाईट, कारण ते टेस्टमध्ये लपते आणि गर्दीत दिसते. इम्पोर्ट तपासणाऱ्या टूलला यातले काहीच कळत नाही.

तिसरा प्रकार स्ट्रिंगमधल्या एसक्यूएलचा. बिलिंगच्या मॉड्यूलने अपॉइंटमेंटच्या टेबलाशी थेट जॉइन केला तर एकही इम्पोर्ट नसताना घट्ट डिपेंडन्सी तयार होते. कॉलमचे नाव बदलले की कंपाइलर गप्प, बिलिंग बंद. प्रत्येक मॉड्यूलला स्वतंत्र स्कीमा आणि त्यापुरतेच हक्क असलेला डेटाबेस-यूजर दिला की ही वाट खरोखर बंद होते. कागदावरचा नियम इथे टिकत नाही.

वस्तू किती वेळा बदलायच्या

सर्वांत जास्त वाद मॅपिंगवर होतात. गाभ्यातला ‘अपॉइंटमेंट’ क्लास आणि टेबलाची ओळ दाखवणारा क्लास वेगळे हवेत का? अॅनोटेशन लावलेला एकच क्लास वापरला तर गाभा ओआरएमची लायब्ररी इम्पोर्ट करतो, म्हणजे नियम मोडतो. पण किंमत मोजून पाहा. अॅनोटेशनमुळे फक्त एक लायब्ररी क्लासपाथवर येते. नियमांची टेस्ट डेटाबेसशिवाय तशीच चालते. खरी बाधा तेव्हा होते, जेव्हा ओआरएम वस्तूचा आकार ठरवू लागतो: रिकामा कन्स्ट्रक्टर हवा, फील्ड फायनल नको, दोन्ही बाजूंनी नाते हवे. नियम सांभाळणारा क्लास अर्धवट अवस्थेत तयार होऊ शकला की त्याच्यावर विसंबता येत नाही. माझे मत असे: टेबल आणि वस्तू एकास एक जुळत असतील तोवर एकच क्लास ठेवा, पहिल्यांदा ओआरएमसाठी नियम वाकवावा लागला त्या दिवशी वेगळे करा. कंट्रोलरच्या बाजूला मात्र पहिल्या दिवसापासून वेगळे क्लास हवेत. बाहेरच्या जगाला दिलेले जेएसॉन आपल्या एकट्याच्या ताब्यात नसते.

वेगळे क्लास केलेत तर व्हर्जन कॉलम विसरू नका. ऑप्टिमिस्टिक लॉकसाठीचा (मधल्या काळात दुसऱ्या कोणी ओळ बदलली का ते ओळखण्यासाठीचा) हा आकडा गाभ्याला निरुपयोगी वाटतो म्हणून मॅपिंगमध्ये गाळला जातो. मग लॉक नुसता शोभेचा उरतो, किंवा ओआरएम त्या ओळीला नवी समजून इन्सर्ट करू पाहतो. तो एक अपारदर्शक आकडा म्हणून वस्तूबरोबर फिरवणे हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग आहे.

ट्रान्झॅक्शन कुठे उघडायचे

यूज केस, म्हणजे ‘अपॉइंटमेंट पुढे ढकलणे’ यासारखे एक पूर्ण काम, हीच ट्रान्झॅक्शनची नैसर्गिक सीमा. रिपॉझिटरीच्या प्रत्येक मेथडमध्ये वेगळे ट्रान्झॅक्शन उघडले तर अर्धे काम जतन होऊन अर्धे राहू शकते. कंट्रोलरमध्ये उघडले तर तेच काम रात्रीच्या जॉबमधून चालवताना ट्रान्झॅक्शनच नसते. ‘पण ट्रान्झॅक्शनचे अॅनोटेशन फ्रेमवर्कचे आहे’ ही तक्रार खरी आहे. तिला दोन उत्तरे: अॅनोटेशन सहन करा, किंवा ‘एकत्र पार पाड’ असा एका मेथडचा इंटरफेस गाभ्यात ठेवा. पहिले बहुतेकांना पुरते.

यापेक्षा महाग पडणारी चूक वेगळीच: ट्रान्झॅक्शनच्या आत एसएमएसचा नेटवर्क-कॉल. हिकारी या जावाच्या कनेक्शन-पूलमध्ये (डेटाबेसशी तयार जोडण्यांच्या साठ्यात) मूळ सेटिंगला दहा कनेक्शन असतात. पुरवठादार तीन सेकंद घेऊ लागला तर प्रत्येक विनंती कनेक्शन तीन सेकंद अडवते, म्हणजे सेकंदाला साधारण ३.३ विनंत्यांच्या वर काहीच जात नाही. अकरावी रांगेत थांबते, आणि रांग वाढत गेली की मागच्या विनंत्या तीस सेकंदांनी कनेक्शन न मिळाल्याचा एरर घेऊन परततात, एसएमएसशी काही संबंध नसलेल्या पानांवरसुद्धा. शिवाय एसएमएस गेला आणि कमिट फसले तर रुग्णाला न झालेल्या बदलाची खबर मिळते. उपाय: त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ‘पाठवायचे निरोप’ या टेबलात एक ओळ लिहायची आणि वेगळ्या वर्करने ती उचलून पाठवायची. वर्कर मध्येच पडला तर तोच निरोप दोनदा जाऊ शकतो, म्हणून ओळीचा क्रमांक पुरवठादाराला द्या, म्हणजे तो दुसरा नाकारू शकेल. तशी सोय नसेल तर दोनदा आलेला निरोप चालेल का, हे आधीच ठरवा. गंमत म्हणजे ‘रुग्णाला कळवणारा’ हा इंटरफेस आधी काढलेला असला तर एवढा मोठा बदल एका ॲडॅप्टरपुरता उरतो. गाभ्याची एक ओळही हलत नाही.

वेढे

दोन मॉड्यूल एकमेकांचे नाव घेऊ लागले की ते कागदावर दोन, प्रत्यक्षात एकच. गोचा कंपाइलर इम्पोर्टचा वेढा सरळ नाकारतो. पायथन तो चालू होताना पकडतो, तेही कधी कधी: कोणती फाइल आधी लोड झाली यावर एरर अवलंबून असतो, त्यामुळे टेस्टमध्ये चालणारा कोड सर्व्हरवर पडू शकतो. जावा पॅकेजांतल्या वेढ्याबद्दल काहीच बोलत नाही. स्प्रिंग बूटने २.६ या आवृत्तीपासून बीन्समधल्या (फ्रेमवर्क स्वतः तयार करून जोडते त्या वस्तूंमधल्या) वेढ्याला मूळ सेटिंगमध्ये मनाई केली. ते सेटिंग परत सैल करून पुढे जाण्याचा मोह टाळा. तो एरर खरे तेच सांगतो.

वेढा तोडायचे तीन मार्ग आहेत. दोघांना लागणारा तुकडा तिसरीकडे काढणे, मात्र त्याला नीट नाव देता आले तरच; ‘कॉमन’ सुचत असेल तर तो मार्ग तुमचा नाही. एका बाजूने इंटरफेस मांडून दुसरीने तो इंप्लिमेंट करणे. किंवा ‘अपॉइंटमेंट हलली’ अशी घटना जाहीर करणे आणि बिलिंगने ती ऐकणे. घटनेचा क्लास जाहीर करणाऱ्याकडे राहतो, म्हणून बाण एकाच दिशेने जातो. घटनांची किंमत ही की कोडमध्ये ‘पुढे काय होते’ ते आता वाचून कळत नाही, शोधावे लागते. आणि कधी कधी प्रामाणिक उत्तर चौथेच असते: ही दोन मॉड्यूल मुळात एकच होती, ती परत एक करा.

नियम मोडला की बिल्ड मोडावा

तपासणी माणसांवर सोडली की दिशा काही महिन्यांत सुटते, म्हणून ती यंत्राला सोपवा. सर्वांत भक्कम उपाय म्हणजे गाभा हे बिल्डचे वेगळे मॉड्यूल करणे आणि त्याच्या डिपेंडन्सीच्या यादीत ओआरएम किंवा वेब-फ्रेमवर्क ठेवूच नये. मग चुकीचा इम्पोर्ट लिहिताच येत नाही. ग्रेडलमध्ये ‘एपीआय’ आणि ‘इंप्लिमेंटेशन’ यांतला फरक इथे कामाचा: ॲडॅप्टरने ओआरएम ‘एपीआय’ म्हणून जाहीर केला तर तो त्याच्या वापरकर्त्यांच्या कंपाइल-क्लासपाथवरही उतरतो. मेव्हनमध्ये ‘कंपाइल’ स्कोपचे नेहमी असेच होते.

एकाच मॉड्यूलमध्ये राहायचे तर जावासाठी आर्चयुनिट, पायथनसाठी इम्पोर्ट-लिंटर, जावास्क्रिप्टसाठी डिपेंडन्सी-क्रूझर, पीएचपीसाठी डेपट्रॅक, डॉटनेटसाठी नेटआर्चटेस्ट आहे. यांचे आंधळे कोपरे माहीत असू द्या. आर्चयुनिट सोर्स नव्हे, बाइटकोड (कंपाइल होऊन निघालेला कोड) वाचतो. जावाचा कंपाइलर स्थिर फायनल स्ट्रिंग आणि आकडे वापराच्या जागी उतरवून टाकतो, त्यामुळे दुसऱ्या थरातली अशी किंमत वापरल्याचे त्याला दिसत नाही. टाइपस्क्रिप्टमध्ये फक्त प्रकारासाठी केलेले इम्पोर्ट कंपाइलनंतर नाहीसे होतात. डिपेंडन्सी-क्रूझरमध्ये कंपाइलपूर्वीच्या डिपेंडन्सी मोजण्याचा पर्याय चालू केल्याशिवाय ते मोजले जात नाहीत.

जुन्या प्रोजेक्टमध्ये पहिल्याच दिवशी तीनशे उल्लंघने निघाली तर नियम बंद करू नका. आर्चयुनिटमध्ये आजची उल्लंघने गोठवून फक्त नव्यांवर बिल्ड पाडण्याची सोय आहे. यादी कमी होत जाते, वाढत नाही. तेवढे पुरते.

षट्कोन, कांदा वगैरे

ॲलिस्टर कॉबर्न यांची २००५ची षट्कोनी रचना, जेफ्री पालेर्मो यांची २००८ची कांद्याची रचना आणि रॉबर्ट मार्टिन यांनी २०१२ साली मांडलेली वर्तुळे, यांचा मूळ नियम एकच: नाव आतल्याचे घ्या, बाहेरच्याचे घेऊ नका. फरक भर देण्यात आहे. षट्कोनात आतले थर किती हे सांगितलेलेच नाही, आत आणि बाहेर एवढाच भेद, आणि सहा बाजूंना काही अर्थ नाही; पोर्ट काढायला जागा मिळावी म्हणून तो आकार. कांदा आणि वर्तुळे आतल्या भागाचेही पदर पाडतात. यांपैकी कोणते निवडावे यावर आठवडा घालवण्यात अर्थ नाही. गाभा आणि ॲडॅप्टर वेगळे झाले की बहुतेक फायदा पदरात पडतो. थर आणि टिअर यांतला फरक मात्र पक्का हवा: टिअर म्हणजे वेगळे यंत्र किंवा प्रोसेस. एका प्रोसेसमध्ये चार थर सुखाने राहतात, आणि तीन यंत्रांवर पसरलेला कोड एकाच चिखलाचा असू शकतो.

आणि कुठे करू नये? ज्या भागात नियमच नाहीत, फक्त फॉर्म भरून ओळ लिहायची आहे, तिथे चार थरांतून तोच डेटा जसाच्या तसा पुढे ढकलणाऱ्या मेथड तयार होतात. तिथे कंट्रोलरने थेट टेबलाशी बोलावे. याद्या आणि अहवालही गाभ्यातून नेऊ नका. ‘या आठवड्यातल्या अपॉइंटमेंट, डॉक्टरनिहाय संख्या’ यासाठी पाच हजार वस्तू उभ्या करून मोजण्यापेक्षा वाचनापुरती एक सरळ एसक्यूएल क्वेरी लिहावी. नियम बदल करताना लागतात, बघताना बहुधा नाही.

तुमच्या प्रोजेक्टसाठी क्रम असा ठेवा. आधी घड्याळ आणि एसएमएस यांचे इंटरफेस काढा. ही दोन सर्वांत स्वस्त आहेत आणि टेस्ट लगेच वेगवान होतात. मग जिथे नियम दाट आहेत असा एकच यूज केस निवडून त्याचा रिपॉझिटरी-इंटरफेस सर्व्हिसच्या बाजूला आणा आणि त्यातून ओआरएमचे प्रकार हाकला. त्यानंतर त्या एका पॅकेजापुरता आर्चयुनिटचा नियम लावा. मॉड्यूल वेगळे करणे सर्वांत शेवटी, इम्पोर्ट स्वच्छ झाल्यावर. उलट क्रमाने गेलात तर पहिल्याच बिल्डला शेकडो एरर येतात आणि ती ब्रँच कधीच मर्ज होत नाही.